आमच्यानंतर याचं कोण?

इंदूरचा एक तरुण संगणक अभियंता सप्टेंबर २०१४मध्ये वडिलांच्या वाढदिवसाची मिठाई घेऊन अनाथालयात गेला. मध्यमवर्गीय घरांत ही पद्धत आता चांगली रुळली आहे. वाढदिवस असो, पुण्यतिथी असो की पितृपक्ष, मिठाई वाटायची, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, फोटो काढायचा आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं. आदित्य तिवारी मात्र मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या त्या ‘ज्योती निवासा’त सहा महिन्यांच्या एका बाळापाशी थबकले. बाळाला डाउन सिंड्रोम होता, हृदयात छिद्र होतं आणि जन्मदात्यांनी त्याला सोडून दिलं होतं. याला मी घरी नेऊ का, असं तिवारींनी विचारलं.

त्या मुलाचं नाव तेव्हापासून देशभरातल्या वर्तमानपत्रांत छापून आलं आहे. इथे मी ते लिहीत नाही. तो अजून शाळकरी वयाचा आहे. आपली गोष्ट नावानिशी जगाला सांगायची की नाही, हे त्याचं त्याला ठरवता यायला हवं, असं मला वाटतं.

घरी नेणं सोपं नव्हतं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घ्यायचं तर वय किमान ३० हवं होतं आणि तिवारींना तिशी गाठायला अवकाश होता. पुण्यातली नोकरी सांभाळत त्यांनी अर्ज केले, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. मधल्या काळात बाळाला भोपाळला हलवलं गेलं. असं मूल घेतलंस तर तुझ्याशी लग्न कोण करणार, हेही ऐकून घ्यावं लागलं. मग १ ऑगस्ट २०१५पासून दत्तकविधानाची नवी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली आणि एकट्या पालकासाठी वयाची अट २५ वर आली. त्याच तत्त्वांप्रमाणे एकट्या किंवा घटस्फोटित पालकांना मूल द्यावं लागणं मिशनरीज ऑफ चॅरिटीला पटेना. ऑक्टोबर २०१५मध्ये या संस्थेने भारतातलं दत्तकाचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. या सगळ्या ओढाताणीतून वाट काढत १ जानेवारी २०१६ रोजी ते मूल तिवारींच्या कुशीत आलं. डाउन सिंड्रोम असलेलं मूल दत्तक घेणारे सर्वांत तरुण एकटे पालक म्हणून त्यांचं नाव गाजलं. पुढे जुलैमध्ये इंदूरलाच त्यांचं लग्न झालं. आमंत्रितांमध्ये अनाथाश्रमांतली मुलं आणि बेघर माणसं होती.

ही गोष्ट सांगताना बहुतेकांचा सूर भारावलेला असतो. तिवारींबद्दल मलाही मनापासून आदर आहे. पण या गोष्टीत आणखीही माणसं आहेत. बाळाशिवाय घरी गेलेले त्याचे जन्मदाते कोण असतील? त्यांना कुणी काय सांगितलं असेल? त्यांच्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही आणि त्यांना शोधण्याचा मला हक्कही नाही. पण त्यांच्यासारख्या घरांत काय बोललं जातं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला प्रश्न आईला असतो. ग्रहण पाळलं होतंस ना? काही चिरलंस का, कापलंस का? कुठल्या गोळ्या घेतल्यास? मग माहेरात कुणी ‘असं’ आहे का, याची चौकशी. त्यानंतर मागच्या जन्मीचं पाप निघतं, आणि कुणी फारच मायाळू निघालं तर देवाने विश्वासाने तुमच्या पदरात टाकलंय, असं म्हणतं. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या इंदूरच्या मराठी घरांत हे सगळं हिंदी-मराठी सरमिसळीत बोललं जातं, पुण्या-नागपुरात शुद्ध मराठीत. मतलब एकच.

विज्ञानाचं उत्तर मात्र १९५९पासून तयार आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्यांमध्ये. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं येतं, म्हणजे एकूण ४७. पॅरिसमध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें यांनी हे दाखवून दिलं. पेशी वाढवण्याचं तंत्र प्रयोगशाळेत बसवणाऱ्या गोतिएबाईंना श्रेय मिळायला अर्धं शतक जावं लागलं, तो वेगळाच लेख होईल. इंग्लंडमधल्या जॉन लँग्डन डाउन या डॉक्टरांनी या मुलांमधली समान लक्षणं १८६६मध्येच टिपली होती. कारण कळायला त्यानंतर ९३ वर्षं लागली. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये बीजपेशी तयार होताना एकविसावी जोडी नीट विलग होत नाही, एवढंच घडलेलं असतं. ग्रहणाने ते होत नाही, पपईने होत नाही, सासूशी भांडल्याने तर मुळीच होत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं. पस्तिशीत साधारण ३५० जन्मांत एक, चाळिशीत शंभरात एक. तरीही डाउन सिंड्रोम असलेली बहुसंख्य मुलं तरुण आयांच्याच पोटी जन्मतात, कारण मुळात बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात. सगळे जन्म मिळून पाहिलं तर प्रमाण आठशे ते हजारांत एक. म्हणजे वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मणाऱ्या आपल्या देशात दरवर्षी वीस हजारांच्या वर घरांत हा प्रसंग येतो. एवढ्या घरांना आपापल्या पापाचं फळ मिळतंय असं म्हणायचं का?

बाळाचं अंग ढिलं असतं. मान उशिरा धरतं, चालणं-बोलणं उशिरा येतं. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. थायरॉईड, कान, डोळे यांच्याही तक्रारी असतात. म्हणून जन्मानंतर लगेच हृदयाची इको तपासणी, मग थायरॉईड, मग ऐकण्याची चाचणी आणि पहिल्या काही महिन्यांपासून फिजिओथेरपी, पुढे स्पीच थेरपी, असा रस्ता आहे. तो धरला तर काय होतं, ते एका आकड्यावरून कळावं. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आज ते साठीच्या घरात गेलं आहे. गुणसूत्र होतं तेच आहे. फरक पडला तो लहान वयात हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यामुळे, आणि मुलांना मोठमोठ्या आश्रमवजा संस्थांत टाकून देणं थांबून ती घरात, शाळेत वाढू लागल्यामुळे. बाळ फार जगणार नाही, जीव लावू नका, असं आजही कुणी सांगत असेल तर तो माणूस चाळीस वर्षं मागे आहे.

गर्भातच निदान करण्याच्या चाचण्या आता तालुक्याच्या गावीही लिहून दिल्या जातात. डबल मार्कर, एनटी स्कॅन, शंका आलीच तर गर्भजल तपासणी. गर्भपाताचा कायदा २०२१मध्ये सुधारला. गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते. त्याआधी, फेब्रुवारी २०१७मध्ये, महाराष्ट्रातली ३७ वर्षांची एक महिला सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २६ आठवड्यांच्या गर्भाला डाउन सिंड्रोम होता. न्यायमूर्ती शरद बोबडे आणि एल. नागेश्वर राव यांच्या पीठाने परवानगी नाकारली. ही मुलं बुद्धीने कमी असतील, पण माणसं म्हणून चांगलीच असतात, अशा अर्थाचं बोलणं त्या वेळी न्यायालयात झालं.

या निकालाकडे मी दोन मनांनी पाहते. मूल वाढवायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं, न्यायमूर्तींनी नाही, यावर मी ठाम आहे. न्यायालयाने मूल जन्माला घालायला लावलं, पण ते वाढवायला कोणती थेरपी, कोणती शाळा आणि किती पैसे मिळतील याची जबाबदारी कुणावर टाकली नाही. दुसरीकडे, हा निर्णय घेणाऱ्या जोडप्याच्या हाती येतं काय? एक अहवाल, एक आकडा आणि ‘लवकर ठरवा’ एवढीच सूचना. आइसलँडमध्ये असं निदान झाल्यावर जवळजवळ सगळ्याच स्त्रिया गर्भपात करतात. तिथे किमान सरकारी सेवा उत्तम आहेत. आपल्याकडे डाउन सिंड्रोम असलेला मोठा माणूस बहुतेकांनी जवळून पाहिलेलाच नसतो. लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत बसवलेलं असतं. जे कधी पाहिलंच नाही, त्याच्याबद्दल चार दिवसांत ठरवायचं, याला निवड म्हणणं मला जड जातं.

तिवारींच्या गोष्टीतला एक पुढचा प्रसंग मला सतत टोचतो. ८ मार्च २०२०ला बंगळुरूमध्ये एका कार्यक्रमात त्यांना ‘जगातली सर्वोत्तम आई’ म्हणून गौरवण्यात आलं. नोकरी सोडून ते देशभर फिरून अशा मुलांच्या पालकांना समजावत होते, मुलाचं खाणंपिणं, थेरपी, आजारपण सांभाळत होते. सन्मान योग्यच होता. पण हेच सगळं वीस-तीस वर्षं करणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं? पन्नाशीची आई आणि हात धरून चालणारा पंचविशीचा मुलगा अशी जोडी इंदूरच्या राजवाड्यासमोर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दिसली, की लोक आधी मुलाकडे टक लावून बघतात आणि मग आईकडे कणवेची नजर टाकतात. तिची नोकरी मूल झाल्यावर सुटलेली असते. ‘घरीच तर असतेस’ हे वर ऐकावं लागतं. बाप थेरपीला घेऊन आला तर वेटिंग रूममध्ये त्याचं कौतुक होतं. आई आली तर तिला पुढची तारीख मिळते.

मराठीत या विषयावर बोललं गेलं नाही असं नाही. संजय सूरकरांचा ‘चौकट राजा’ १९९१चा. दिलीप प्रभावळकरांचा बौद्धिक अक्षमता असलेला नंदू तेव्हा घराघरांत पोचला, लोक ढसाढसा रडले. पण नंदूचं काम एका मोठ्या नटाने केलं होतं. त्यानंतर २३ वर्षांनी, एप्रिल २०१४मध्ये, महेश लिमये यांचा ‘यलो’ आला, आणि त्यात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली भूमिका स्वतः केली. पुण्याची ही मुलगी पडद्यावर कुणाची दया मागत नाही. पोहते, चिडते, हट्ट करते, हसते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. हा चित्रपट आला त्याच वर्षी तिवारींना भेटलेलं ते बाळ जन्मलं आणि सोडून दिलं गेलं. मधल्या अंतराचं काय करायचं, ते मला कळत नाही. चित्रपटगृहात टाळ्या वाजवणारे आपणच असतो आणि शाळेच्या पालकसभेत ‘आमच्या मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो’ म्हणणारेही आपल्यातलेच.

शाळांचं काम त्याहून जुनं आहे. पुण्यात ‘कामायनी’ १९६४पासून आहे. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७मध्ये ‘प्रबोधिनी विद्यामंदिर’ सुरू केलं. स्वतःच्या मुलाला शाळा नव्हती म्हणून एका शिक्षिकेने काढलेली ती शाळा. महाराष्ट्रातल्या अशा संस्थांचा इतिहास लिहायला घेतला तर पानोपानी अशी एक आई भेटेल. सरकार मागाहून येतं, अनुदान त्याहून मागाहून.

विशेष शाळा मूल अठराचं होईपर्यंत आधार देते. आई-बापांची झोप उडते ती पुढे. अशा पालकांशी पाच मिनिटं बोला, सहाव्या मिनिटाला ते वाक्य येतंच: आमच्यानंतर याचं कोण? भाऊ-बहीण असतील तर त्यांच्या संसारावर ओझं नको, नसतील तर कोण, म्हणून मग ‘संस्थेत ठेवू’. आणि संस्था म्हटलं की पुन्हा इंदूरच आठवतं, या वेळी वेगळ्या कारणाने.

२०२४च्या जुलैच्या पहिल्याच आठवड्यात इंदूरच्या मल्हारगंज भागातल्या श्री युगपुरुष धाम या आश्रमातून मुलं एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली. बौद्धिक अक्षमता असलेल्या निराधार मुलांचा हा आश्रम. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी गेलेलं. काही दिवसांत किमान पाच मुलं दगावली. चाळीसहून अधिक मुलांना चाचा नेहरू रुग्णालयात ठेवावं लागलं. तपासणीत कॉलराचे जंतू सापडले. चौकशीत उघड झालं की आश्रमात क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि मुलांच्या आरोग्याच्या नोंदी नीट ठेवल्या जात नव्हत्या.

हे घडलं ते २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरवल्या जाणाऱ्या इंदुरात. पहाटे रस्ते धुतले जातात, ओला-सुका कचरा घरातच वेगळा होतो, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार मिटला की तासाभरात रस्ता लख्ख. ज्या नगरव्यवस्थेला हे जमतं, तिला एका इमारतीतल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी जमणार नाही, असं कोण म्हणेल? जमलं नाही, कारण तिथे कुणाचं लक्षच नव्हतं. या मुलांना रोज भेटायला येणारे आई-बाप नव्हते. पोटात दुखतंय, पाण्याला वास येतोय, हे त्यातल्या अनेकांना शब्दांत सांगता येत नव्हतं. तक्रार करता न येणाऱ्या माणसाची काळजी घ्यायची तर यंत्रणेला स्वतःहून दार ठोठावावं लागतं. वाढदिवसाची मिठाई घेऊन येणाऱ्यांकडून ते होणार नाही, त्यांनी पाण्याची टाकी उघडून बघावी अशी अपेक्षाही नाही. ते काम निरीक्षकाचं आहे, पगारी आहे, आणि त्याची तारीख ठरलेली असायला हवी.

‘त्याला काय कळतंय’ हे आपलं लाडकं वाक्य इथे येऊन जीवघेणं ठरतं. इंदूरनेच त्याचं उत्तरही पाहिलं आहे. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली, बोलता-ऐकता न येणारी गीता कराचीच्या एधी फाउंडेशनकडे वाढली आणि २६ ऑक्टोबर २०१५ला भारतात परतली. तिला ठेवलं इंदूरच्या मूकबधिरांच्या संस्थेत. देशभरातून अनेक जोडपी तिला आपली मुलगी म्हणत पुढे आली आणि परत गेली. ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित या इंदूरच्या सांकेतिक भाषा जाणणाऱ्या दांपत्याने तिच्याकडून तिच्या आठवणी धीराने काढून घेतल्या: रेल्वे स्टेशन, नदी, उसाची शेतं. त्या खुणांवरून शोध मराठवाड्याकडे वळला, आणि मार्च २०२१मध्ये तिची आई महाराष्ट्रात सापडल्याचं एधी फाउंडेशनच्या बिल्किस एधी यांनी सांगितलं. इतकी वर्षं सगळे तिच्याबद्दल बोलत होते. तिला विचारल्यावर वाट सापडली.

डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीलाही विचारता येतं. तिला काय आवडतं, कुणासोबत राहायचंय, काम कोणतं करायचंय. उत्तर मिळायला वेळ लागतो, चित्रं वापरावी लागतात, कधी दोनदा-तीनदा विचारावं लागतं. मुंबईत जुहूला २०१८पासून ‘कॅफे अर्पण’ चालतं. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं ऑर्डर घेतात, पदार्थ तयार करतात, पगार घेतात. काम लहान-लहान टप्प्यांत बसवलेलं आहे, बाकी कॅफे म्हणजे कॅफे. २०२५च्या जूनमध्ये आमिर खानचा ‘सितारे जमीन पर’ आला, त्यात बास्केटबॉलच्या संघातल्या भूमिका अशाच तरुणांनी केल्या. ‘यलो’ने मराठीत जे अकरा वर्षं आधी केलं होतं, ते हिंदीने मोठ्या प्रमाणावर केलं, याचा आनंदच आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपण अगदीच रिकाम्या हातांनी नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्क्यात बौद्धिक अक्षमतेचाही समावेश आहे. चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च धरलेला आहे. वर्गात बसवलं नाही तर कुठे जायचं, प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही तर कुणाला गाठायचं, हे मात्र पालक एकमेकांच्या व्हॉट्सअॅप गटांतूनच शिकतात.

आणि एक गोष्ट बऱ्याच घरांत फार उशिरा कळते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई-बाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर, वाटणीच्या कागदावर ते एकाएकी परके ठरतात. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दर जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज तिच्याकडे करायचा. आपल्यानंतर कोण, याचं उत्तर आई-बाप हयात असतानाच लेखी देण्याची सोय इथे आहे. नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था, कुणाचंही नाव सुचवता येतं. नेमलेल्या पालकाला मालमत्तेचा आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्याने हेळसांड केली तर त्याला काढताही येतं.

या समितीत तीन जण असतात: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. तिसरी जागा कायद्यानेच दिलेली आहे. इंदूर असो, पुणे असो की परभणी, आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी बसली आणि त्या तिसऱ्या जागेवर कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं.